क्लासच्या ४५ मिनिटांत मूल हलतं किती?

माझी भाची पाच वर्षांची असताना तिला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला सोडायचं-आणायचं काम काही महिने माझ्याकडे होतं. बाहेरच्या बाकावर फोन चाळून कंटाळले, तेव्हा एके दिवशी घड्याळ लावून मोजत बसले. तास ४५ मिनिटांचा. त्यातली साधारण १२ मिनिटं ती खरोखर उड्या मारत, लोळत, चढत होती. उरलेला वेळ रांगेत. पुढच्या मुलीच्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं. सर काही सांगत असले की ऐकल्यासारखी मान हलवायची. क्लास सुटला आणि बाईसाहेबांच्या अंगात वारं शिरलं. पायऱ्यांवरून दोन्ही पाय जोडून उड्या, फुटपाथच्या काठावरून हात पसरून चालणं, वाटेत दिसलेल्या लोखंडी दांड्याला लोंबकळणं. घरी पोचेपर्यंतच्या १० मिनिटांत तिनं क्लासपेक्षा जास्त जिम्नॅस्टिक्स केलं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून क्लास बंद करा, असं मी म्हणणार नाही. दांड्याला लोंबकळायची हिंमत आणि हात कसे धरायचे ही अक्कल तिला तिथेच मिळाली होती. पण पोहायला घालावं की नाचाला, कराटे बरं की फुटबॉल, यावर आपण जितका काथ्याकूट करतो, त्याच्या निम्मा वेळही त्या तासात मुलाच्या शरीराला नेमकं काय मिळतं हे बघण्यात घालवत नाही. हाडांना आणि स्नायूंना क्लासची पाटी वाचता येत नाही. किती भार आला, कुठून आला, किती वेळा आला, एवढीच नोंद ते ठेवतात. ती नोंद कशी होते, हे एकदा समजलं की क्लास निवडणं पुष्कळ सोपं होतं.

हाडाला उडी कळते

हाड म्हणजे भिंतीतली सळई, एकदा घातली की काम झालं, असा आपला समज असतो. वास्तविक हाडात रात्रंदिवस बांधकाम चालू असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही पेशी नवं भरतात. कुठे जास्त भरायचं हे ठरतं भारावरून. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे सूत्र मांडलं: ज्या दिशेनं ताण येतो, त्या दिशेनं हाड स्वतःची रचना बदलतं.

याचा सगळ्यात देखणा पुरावा टेनिसपटूंच्या हातांत सापडतो. माणूस एकच, आहार एकच, आईवडलांकडून आलेला वारसा एकच. तरीही रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. आणि ज्यांनी लहानपणी खेळायला सुरुवात केली, त्यांच्या दोन हातांतला फरक मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांपेक्षा अधिक असतो. वाढतं हाड भाराला जास्त चटकन दाद देतं. माणसाच्या आयुष्यातल्या सर्वाधिक हाडसाठ्यापैकी जवळजवळ ९० टक्के साठा १८ ते २० वर्षांपर्यंत जमा झालेला असतो. म्हातारपणी ज्या शिदोरीवर काढायचं, ती या वयात बांधली जाते.

मात्र हाड मोठं चंचल. तोच तो हलका भार सतत येत राहिला तर थोड्या वेळानं ते त्याकडे लक्ष देईनासं होतं. अचानक, थोडा जोरकस आणि दर वेळी वेगळ्या बाजूनं येणारा धक्का त्याला जागं ठेवतो. पायरीवरून मारलेली उडी, दोरीवरच्या उड्या, लंगडी, पळता पळता एकदम वळणं. म्हणजे मुलं कोणी न सांगता जे करतात आणि आपण 'अरे, जरा शांत बस' म्हणून जे थांबवतो, नेमकं तेच.

इथे पोहण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पालकांच्या यादीत ते हमखास पहिलं असतं. पोहण्यानं हृदय, फुप्फुसं, खांदे, पाठ यांना उत्तम व्यायाम होतो. एक ते चार वर्षांच्या मुलांचा बुडण्याचा धोकाही पोहण्याच्या शिकवणीमुळे कमी होऊ शकतो (तरी हातभर अंतरावर मोठं माणूस हवंच; पोहता येतं म्हणून निर्धास्त होऊ नये). पण पाणी शरीराचं बरंचसं वजन आपल्यावर घेतं, त्यामुळे हाडांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. मूल आठवड्यातून तीनदा पोहत असेल तर छानच, फक्त बाकीचे दिवस त्याला जमिनीवर भरपूर उड्या मारू द्या.

आणि उंची? लोंबकळल्यानं, बास्केटबॉलनं किंवा पोहण्यानं उंची वाढते, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचं सोडून दिलंय. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भागाचा, एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. उंची तिथे वाढते, आणि ती किती वाढणार हे आनुवंशिकता, पोषण, झोप आणि एकूण तब्येत यांवर ठरतं. बास्केटबॉलच्या संघात उंच मुलं दिसतात ती उंच होती म्हणून निवडली गेली. जिम्नॅस्ट ठेंगणे दिसतात त्यामागेही मुख्यतः हीच निवड आहे.

चेंडू पकडताना डोळे का मिटतात

तीन वर्षांच्या मुलाकडे हलकेच एक मोठा चेंडू टाकून बघा. ते दोन्ही हात लाकडासारखे ताठ पुढे धरतं, चेंडू जवळ आला की मान बाजूला फिरवतं, डोळे मिटतं आणि चेंडू छातीवर आदळला की हातांनी कवटाळायचा प्रयत्न करतं. तोवर चेंडू बहुधा खाली गेलेला असतो. पाच-सहा वर्षांचं मूल हातांची ओंजळ करतं, नजर चेंडूवर ठेवतं. आणखी काही वर्षांनी ते चेंडू कुठे येणार याचा अंदाज घेऊन आधीच तिकडे सरकतं.

फेकण्याचंही तसंच. सुरुवातीला मूल समोर तोंड करून उभं राहतं आणि नुसता हात कोपरापासून झटकतं. पाय जागचे हलत नाहीत. मग पाय पुढे यायला लागतो, पण ज्या हातानं फेकायचं त्याच बाजूचा. बऱ्याच सरावानंतर उजव्या हातानं फेकताना डावा पाय पुढे पडतो, कंबर वळते, खांदा मागून येतो आणि चेंडू दूर जातो. एवढं दिसलं की समजावं, फेकणं आता अंगवळणी पडलं. पुढच्या वेळी तुमच्या मुलानं काही फेकलं (आणि फुटलं नाही) तर पाय बघा.

या काळात आत काय घडतं? सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार प्रौढांच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के होतो, पण त्यातली वायरिंग अजून चालू असते. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण चढत जातं आणि संदेश वेगानं धावू लागतात. एखादी हालचाल पुन्हा पुन्हा केली की तिचा मार्ग पक्का होतो. म्हणूनच वयात येण्याआधीच्या मुलांची ताकद व्यायामानं वाढते, तरी दंड फुगत नाहीत. स्नायूंचे जास्त धागे एकाच वेळी आणि नेमक्या क्षणी कामाला लावायला मज्जासंस्था शिकलेली असते. आठ वर्षांच्या मुलाचे 'मसल' बघणाऱ्या काकांना हे जरूर सांगावं.

पण वय वाढलं की सगळं आपोआप येईल, हा भ्रम आहे. चालणं येतं तसं फेकणं, झेलणं, एका पायावर उडी, चेंडूला लाथ मारणं पूर्णपणे आपोआप येत नाही. त्यासाठी संधी लागते, पुष्कळ चुका लागतात, आणि कोणीतरी 'पाय पुढे टाक' असं म्हणणारं लागतं. चांगल्या क्लासची खरी किंमत इथे आहे. ज्या मुलांना हे लहानपणी जमत नाही ती पुढे खेळात मागे पडतात, मागे पडली की कोणी संघात घेत नाही, मग ती कडेला बसतात आणि कडेला बसल्यानं आणखी मागे पडतात. दहाव्या वर्षी 'मला खेळ आवडत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी मुलांचं दुखणं झेलता न येण्यात असतं.

तोलाची गोष्ट थोडी निराळी. आपण पडत का नाही, याची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, आतल्या कानातल्या द्रवानं भरलेल्या नळ्या, आणि स्नायू-सांध्यांत बसवलेले सूक्ष्म संवेदक. एका पायावर उभं राहून डोळे मिटा, म्हणजे तिघांतला एक कमी झाल्यावर काय होतं ते कळेल. तीन वर्षांचं मूल एका पायावर एक-दोन सेकंद टिकतं, पाच वर्षांचं साधारण दहा. मधल्या काळात गिरक्या, कोलांट्या, झोके, अरुंद फळीवरून चालणं यांतून मेंदू तिन्ही खबरा जुळवायला शिकतो. नाचाचे वर्ग यासाठी अप्रतिम असतात, कारण तिथे तोल सांभाळता सांभाळता तालही सांभाळावा लागतो. मुलगा आहे म्हणून नाचाला न घालणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा.

मनगटात आठ हाडं, पण कधी?

शारीरिक विकास म्हटला की मैदान आठवतं. चित्रकला, मातीकाम, तालवाद्य हे 'बैठे' छंद त्यात धरले जात नाहीत. मला ही विभागणी पटत नाही.

प्रौढ माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातलं बहुधा एकही दिसत नाही; तिथे सगळी मऊ कूर्चा असते. एकेक हाड सावकाश तयार होत जातं आणि शेवटचं, करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं हाड, ९ ते १२ वर्षांच्या आसपास दिसू लागतं. हा क्रम इतका ठरलेला आहे की हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टर हाडांचं वय काढतात. आता याच मनगटाकडून आपण चौथ्या वर्षी रेघांच्या मधोमध बसणाऱ्या सुबक अक्षरांची अपेक्षा करतो!

माती मळणं, कागद फाडणं, कात्रीनं कापणं, मणी ओवणं, ढोलावर हात मारणं यातून बोटांचे छोटे स्नायू तयार होतात, अंगठा आणि तर्जनी एकत्र काम करू लागतात. शिवाय हात स्थिर राहायला खांदा आणि पाठ मजबूत लागते. पाच मिनिटांत टेबलावर लवंडणाऱ्या, डोकं हातावर टेकवून लिहिणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी ते कधी कुठे चढतं का, लोंबकळतं का, हे विचारून बघावं. अक्षर सुधारायला आणखी एक वही आणण्यापेक्षा चढायला जाळी मिळाली तर कधी कधी जास्त उपयोग होतो.

तीन सेकंदांचे धावपटू

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या मोकळ्या वेळच्या हालचाली अगदी सेकंदा-सेकंदानं टिपल्या होत्या. जोरदार हालचालीचा मध्यक कालावधी (निम्म्या हालचाली ज्याहून लांब, निम्म्या आखूड) निघाला फक्त ३ सेकंद. हलक्या आणि मध्यम हालचालींचा ६ सेकंद. अशा जोरदार झटक्यांपैकी ९५ टक्के झटके १५ सेकंदांच्या आतच संपत होते. मूल पळतं, थांबतं, वाकून काहीतरी उचलतं, पुन्हा पळतं. त्याचं हृदय आणि फुप्फुसं अशा तुकड्या-तुकड्यांनी व्यायाम करतात.

तेव्हा पाच वर्षांच्या मुलांना 'वॉर्मअप' म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक मोठ्यांचा व्यायाम लहानांच्या मापात कापून देतोय, असं खुशाल समजा. पकडापकडी याच वेळात दुप्पट काम करून घेते आणि कोणी रडत नाही. दम्याच्या मुलांनाही यातून वगळायचं कारण नसतं. डॉक्टरांना विचारून, औषध जवळ ठेवून बहुतेक मुलं छान खेळू शकतात.

मोकळ्या हवेतल्या खेळाचा एक फायदा शरीराच्या भलत्याच भागाला होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं गेलं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना जवळचं दिसून लांबचं अंधुक दिसायचा दोष आला. ज्या शाळांत काहीच बदल केला नव्हता तिथे हे प्रमाण सुमारे ३९.५ टक्के होतं. बाहेरचा लख्ख उजेड डोळ्याच्या लांबट वाढीला आवर घालतो, असं त्याचं सर्वमान्य होत चाललेलं स्पष्टीकरण आहे. दोन क्लास सारखेच चांगले असतील आणि एक हॉलमध्ये, एक मैदानात असेल, तर मी डोळे झाकून मैदानातला निवडेन.

किती, आणि कुठे थांबायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार ३ आणि ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. शिवाय १० ते १३ तास झोप, आणि बसून स्क्रीन बघणं तासाभराच्या आत. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी २०२० च्या शिफारशी सांगतात की रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार व्यायाम व्हावा आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारं काहीतरी त्यात असावं.

आता हिशेब करा. आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांचा क्लास, त्यातली माझ्या भाचीसारखी १२-१२ मिनिटं खरी. आठवड्याची २४ मिनिटं. क्लासवर सगळी भिस्त ठेवली तर मूल उपाशीच राहणार. क्लासमध्ये शिकलेली गोष्ट उरलेल्या पाच दिवसांत अंगणात, जिन्यात, गादीवर शंभरदा करून बघायला मिळाली तरच ती मुरते. आणि ज्या मुलाचा दिवस शाळा, शिकवणी, क्लास, गाडीतला प्रवास यांत संपतो, त्याला ही शंभर वेळा कुठून मिळणार? तिथे आणखी एक क्लास लावण्यापेक्षा एक कमी करावा, असं मी सांगेन. झोप कापून तर मुळीच क्लास लावू नये. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत सर्वाधिक स्रवतं.

दुसऱ्या टोकाचा धोकाही खरा आहे. सहाव्या वर्षी 'टॅलेंट' दिसलं म्हणून मुलाला एकाच खेळाला वर्षभर जुंपायचं. तोच सांधा, तीच हालचाल, हजारदा. ग्रोथ प्लेट आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि सांधा बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असते. मुलींमध्ये ती साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ वर्षांच्या दरम्यान बंद होते. मोठ्या माणसाचा पाय जिथे नुसता मुरगळतो, तिथे मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा झालेली असू शकते. आठ-दहा वर्षांची धावणारी मुलं टाच दुखते म्हणतात, तेही पुष्कळदा टाचेच्या ग्रोथ प्लेटवर ताण आल्यानं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं म्हटलंय की एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणं शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं आणि आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी द्यावी. लक्षात ठेवायला सोपा असा एक आडाखाही वापरला जातो: आठवड्याचा संघटित सराव मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास नको. आठ वर्षांचं मूल, आठ तास. मूल लंगडत असेल, एकाच जागी बोट ठेवून 'इथे दुखतं' म्हणत असेल, सांधा सुजला असेल, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

क्लास ठरवण्याआधी एक तास नुसतं बसून बघू देतात का, विचारा. देत असतील तर घड्याळ लावा. एका मुलावर नजर ठेवा, सगळ्यात हुशार मुलावर नको, रांगेतल्या मधल्या कोणावर तरी. ते किती मिनिटं हलतं, किती प्रकारांनी हलतं, एका चेंडूमागे किती मुलं आहेत, चुकलं की सर काय म्हणतात, आणि बाद झालेलं मूल उरलेला वेळ काय करतं ते बघा. बाद झालेल्याला कडेला बसवणारे खेळ मला तरी विचित्र वाटतात. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी सराव!

भाचीनं आठ महिन्यांनी जिम्नॅस्टिक्स सोडलं. मग नाच झाला, मग काही दिवस मातीकाम, आता फुटबॉल चालू आहे आणि तोही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. तिच्या आईला ही धरसोड वाटते. परवा आम्ही बाहेर खेळत होतो. तिनं टेनिसचा चेंडू घेतला, डावा पाय पुढे टाकला, कंबर वळवली आणि सणसणीत फेकला. मी तिच्या पायांकडेच बघत राहिले, त्यामुळे चेंडू माझ्या कानाजवळून गेला आणि मी मान फिरवून डोळे मिटले.